त्र्यंबक मास्तरांची जोड

त्र्यंबक मास्तर मला कधीच आवडले नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. माणूस मेला की आमच्या गल्लीत तो लगेच चांगला होतो. परवा त्यांचा विषय निघाला तर जो उठतो तो म्हणतोय, "काय मास्तर हुतं! देवमाणूस!" देवमाणूस कसला डोंबलाचा? ते आमचा रागराग करायचे आणि आम्ही त्यांचा. पण इंग्रजी असं शिकवायचे की डोकं फुटलं तरी आतून निघायचं नाही. दोन्ही खरं आहे. एकच सांगून दुसरं झाकणं मला जमत नाही.

मंगळवार पेठेतली आमची गल्ली अरुंद. एका अंगाला आमचं कौलारू घर, पुढं म्हशींचा गोठा, आणि बरोबर समोर मास्तरांचं घर. म्हणजे घर होतं. गांधीजींचा खून झाला, मारणारा ब्राह्मण निघाला, आणि दुसऱ्या दिवसापासून गावात ब्राह्मणांची घरं पेटायला लागली. त्यात मास्तरांचंही गेलं. माणसं मागच्या दारानं निसटली, कुणाच्या जिवाला धक्का लागला नाही. पण माडी, माजघर, कोठीची खोली, सगळ्याचा कोळसा झाला. पुढची ओसरी आणि तिला लागून एक खोली तेवढी उरली.

मास्तरांची बायको कालिंदीबाई त्या दिवशी पुण्याला भावाकडं गेली ती गेलीच. जाताना काय बोलली ते सगळ्या गल्लीनं ऐकलं, कारण ती गल्लीच्या मधोमध उभी राहून बोलली. "पलिते घेऊन आले ते लोक बाहेरचे होते. मी त्यांची तोंडं बघितली, एकही ओळखीचं नव्हतं. पण त्यांच्या हातात रॉकेल नव्हतं. रॉकेलचा डबा या गल्लीतनं आला. कुठल्या घरातनं आला ते मला कळलं पाहिजे. कळलं की मी त्या दिवशी परत येईन. एका घराशी वैर धरून मला राहता येईल हो, सगळ्या गल्लीवर संशय धरून नाही राहता येणार." एवढं बोलून टांग्यात बसली. कुणी अडवलं नाही.

बाकीची ब्राह्मण मंडळी जमेल तिकडं गेली. मास्तर मात्र हलले नाहीत. त्यांना ते नाव पाहिजे होतं. ओसरीवरचं जळकं आढं त्यांनी मुद्दाम तसंच ठेवलं, भिंतीला चुना लावला नाही. सकाळी दात घासताना गल्लीकडं तोंड करून बसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या तोंडाकडं बघत राहायचे. आम्ही भिंतीला चिकटून सटकायचो. केलं नसलं तरी सटकायचो.

पुढच्या वर्षी संस्थान विलीन झालं. माझे वडील संस्थानच्या पागेत होते. पागा मोडली, घोडी गेली, नोकरी गेली, आणि दुःखानं म्हणा की दारूनं म्हणा, वडीलही गेले. राहिली माझी आई बायडाबाई, मी आणि म्हशी. आईनं एकच धोशा लावला. सयाजीनं मॅट्रिक व्हायचं आणि कचेरीत चिकटायचं. मी पहिल्या खेपेला इंग्रजीत आपटलो. आईनं मला शेणाच्या हातानं बदडलं.

नेमकं त्याच सुमाराला मास्तरांनी ओसरीच्या खांबाला पाटी लावली. 'मॅट्रिकचे इंग्रजी. कोणीही यावे. दक्षिणा नको.' गल्ली हबकली. तालमीतला वस्ताद म्हणाला, "जाऊ नगासा रं. मास्तर पोरास्नी शिकवायसाठी न्हाय बलवत. तोंडं वाचायसाठी बलवालाय." वस्ताद खोटं बोलत नव्हता. पण गावात इंग्रजीला दुसरा असा माणूस कुठं होता? आम्ही गेलो. गल्लीतली सातआठ पोरं, आणि बोर्डिंगात राहणारा जयसिंगपूरचा नेमगोंडा. जैनांचा पोरगा, अंगानं रेडा, मनानं गाय. त्याचा आमच्या गल्लीच्या भानगडीशी काही संबंध नव्हता, म्हणून मास्तर त्याला तेवढं जरा बरं बोलायचे.

पहिल्याच दिवशी मास्तर म्हणाले, "मला तुम्ही कुणी आवडत नाही. तुम्हालाही मी आवडायची गरज नाही. बसा."

आता त्यांच्या शिकवण्याचं सांगतो. इंग्रजीत वाक्याला एक तुकडा चिकटतो. पळत पळत, ओरडून, हातात काठी घेऊन, अशा अर्थाचा. तो तुकडा वाक्यातल्या कुठल्या नामाचा, हे ओळखायचं. परीक्षेत हमखास येणार आणि आम्ही हमखास मरणार. कारण आपल्या मराठीत ही कटकटच नाही. आपण म्हणतो, देवळाकडं जाताना पाऊस लागला. कोण जात होतं ते ऐकणाऱ्याला कळतं. मी तसंच्या तसं इंग्रजी केलं, "वॉकिंग टू द टेंपल, द रेन बिगॅन." मास्तरांनी माझा कान धरला.

"पाऊस देवळाला निघाला होता काय रे शुंभा? ओटी भरायला? नारळ घेऊन?"

सगळी पोरं हसली. मास्तर हसले नाहीत. म्हणाले, "तुमच्या गल्लीची ही जुनी खोड आहे. काम होतं, करणारा कोणी नसतो. घर जळतं. आपोआप. घराला स्वतःला वाटलं, जरा जळावं." असं बोलले की आम्ही वह्यांत तोंड घालायचो. नेमगोंडा बिचारा इकडंतिकडं बघायचा.

पुस्तकातला नियम आमच्या डोक्यात शिरेना तेव्हा मास्तरांनी आखाडा काढला. त्यांना कुस्तीचा तिटकारा. तालमीचा शड्डू ऐकला की खिडकी लावायचे. पण त्यांनी बरोबर ओळखलं, की या पोरांना दुसरं काही कळत नाही. कुस्तीच्या मैदानात ज्याला जोड मिळालेली नसते तो पैलवान हात वर करून हौद्याभोवती फिरतो. ज्याला त्याच्याशी लढायचं तो उठतो आणि त्याचा हात धरतो. झाली जोड. आणि कुणीच हात धरला नाही, तर फिरणाऱ्याची नाही, गावाची अब्रू जाते. बाहेरगावचा गडी हात वर करून फिरला आणि परत गेला, म्हणजे या गावात मर्द नाही असा अर्थ. वस्ताद लोक अशा वेळी म्हाताऱ्यालासुद्धा लंगोट घालून उतरवतील, पण हात रिकामा जाऊ देणार नाहीत.

मास्तरांनी अंगणात विटांचं रिंगण केलं. आम्ही त्यात गोल बसायचं. एक पोरगा पोलीस, एक चोर, एक रस्ता. नेमगोंडा म्हणजे तो तुकडा, 'रनिंग डाउन द रोड'. मास्तर पूर्ण वाक्य म्हणायचे आणि नेमगोंडा हात वर करून फिरायचा. ज्याचा तुकडा त्यानं उठून हात धरायचा. "रनिंग डाउन द रोड, द पोलीसमन सॉ द थीफ." चोर झालेला आकाराम उठायला लागला, कारण पळणं हे चोराचं काम असं त्याचं मत. पाठीत रट्टा बसला.

"तू का उठलास रे टोणग्या?"

"चोर पळतोय की मास्तर."

"तुझ्या मनात पळतोय. वाक्यात कोण पळतंय? तुकडा आधी आलाय. त्याच्यामागनं पहिला कोण आला?"

"पोलीस."

"मग? उठ रे पोलीस. धर हात." मग तेच उलटं करायचे. "द पोलीसमन सॉ द थीफ रनिंग डाउन द रोड." आता तुकडा चोराच्या पाठीला चिकटला, आता चोरानं उठायचं. आणि ज्या वाक्यात तुकड्याचा मालकच नसेल, माझ्या त्या पावसाच्या वाक्यात होतं तसं, तिथं नेमगोंडा हात वर करून गरागरा फिरत राहायचा आणि मास्तर ओरडायचे, "बेवारस! बेवारस आहे हा! याला आईबाप नाही!" खोटं कशाला बोलू, मजा यायची. चार महिन्यांत आमच्यातला बथ्थड आकारामसुद्धा बरोबर उठायला लागला.

पण मास्तरांच्या पोटातलं हळूहळू वर यायला लागलं. आधी वाक्यं पुस्तकातली असायची. मग पलिते आले. "होल्डिंग टॉर्चेस, द मेन एंटर्ड द लेन." मग ओरडा आला. मग उभं राहून बघणारे शेजारी आले. "स्टँडिंग अॅट देअर डोअर्स, द नेबर्स वॉच्ड द फायर." हे वाक्य आलं आणि नेमगोंडा हात वर करून फिरायला लागला. शेजारी झालेला मी. उठायचं माहीत होतं, नियम सोपा. पण माझे पाय उचलेनात. मास्तर माझ्याकडं बघत राहिले. शेवटी मी उठून हात धरला तेव्हा माझ्या कानशिलातून वाफा निघत होत्या. काय माणूस! शिकवतोय की सूड घेतोय, काही कळायला मार्ग नाही.

घरी येऊन मी आईला म्हणालो, "मी जाणार नाही त्या सैतानाकडं."

आई म्हणाली, "मॅट्रिक हुयाचं का म्हशी राखायच्या?"

"म्हशी राखीन."

तिनं हातातली चरवी माझ्या अंगावर फेकली. दुसऱ्या दिवशी मी परत विटांच्या रिंगणात.

परीक्षा तोंडावर आली आणि मास्तरांनी अंगावर बाँब टाकला. सकाळी आम्ही जाऊन बसलो तर ते स्वतः रिंगणात उतरले. धोतराचा सोगा खोचलेला, उजवा हात वर. म्हणाले, "आज तुकडा मी. कॅरिंग अ टिन ऑफ केरोसीन. रॉकेलचा डबा घेऊन. पुढचं वाक्य मला येत नाही, कारण त्यातलं नाम मला माहीत नाही. तुमच्यापैकी कुणाच्या तरी घराला माहीत आहे. मी फिरतो. ज्याचं असेल त्यानं हात धरा. जोवर धरत नाही, तोवर वर्ग बंद. निबंध राहिलाय, पत्र राहिलंय, उतारा राहिलाय. राहू दे. नापास व्हा."

आणि ते फिरायला लागले. पन्नाशीचा माणूस, हाडं नुसती, हात वर करून आमच्या समोरून जायचा. एकदा, दोनदा, कितीदा तरी. आम्ही मान खाली घालून विटा बघतोय. कुणी उठलं नाही. नेमगोंडाच्या डोळ्यांत पाणी आलं. तो उठून त्यांचा हात धरायला निघाला तर मास्तर खेकसले, "तू बस! तुझा काय संबंध?" शेवटी हात वर राहीना तेव्हा थांबले आणि आत गेले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी गल्लीतल्या बायका आपापल्या दारात येऊन बघायला लागल्या. वस्तादानं तालमीचं दार लावून घेतलं. मास्तर हात वर करून फिरतोय आणि मंगळवार पेठेतलं कुणी उठत नाही, हे वस्तादाला बघवेना.

मी घरी येऊन आईला सांगितलं. संतापलो होतो. "ह्यो म्हातारा आमचं वाटोळं करणार. नाव कुणाला माहीत आहे? मेला असेल तो डबा देणारा. आमची परीक्षा गेली त्याच्यापायी."

आई वैरण टाकत होती. म्हणाली, "हात वर करून फिरतोय?"

"तीन दिवस झाले."

"आणि कोण उठंना?"

"कोण उठणार?"

तिनं हात झटकले, पदर कमरेला खोचला आणि गल्ली ओलांडून सरळ मास्तरांच्या अंगणात शिरली. मला वाटलं, भांडायला चालली. माझ्यासाठी भांडणार, मास्तरला चार शिव्या हासडणार. मी मागं पळालो. मास्तर ओसरीच्या पायरीवर बसले होते. आई विटांच्या रिंगणात जाऊन उभी राहिली.

"उठा मास्तर. करा हात वर."

मास्तर गोंधळून उठले. हात वर केला की नाही केला, आईनं तो मनगटाजवळ करकचून धरला. कुठल्याही बाईनं परक्या पुरुषाचा हात भर गल्लीत असा धरलेला मी आजवर बघितलेला नाही.

"डबा मी दिलता," आई म्हणाली. "माझ्या घरातला. कुणी मागिटला न्हवता. पलितेवाली मान्सं तुमच्या दाराम्होरं उबी हुती, दार पेटंना. मी आत गेले, डबा आनला, त्येंच्या हातात दिला. झालं? घावलं नाव? आता पोरास्नी शिकवा."

गल्लीतल्या बायका दारातनं अंगणाकडं सरकल्या. ज्या आईला मी रोज बघत होतो, जी मला मॅट्रिक हो म्हणून बदडत होती, तिनं? मला ओरडावंसं वाटलं, खोटं बोलतीय ती, वर्ग सुरू व्हावा म्हणून खोटं बोलतीय. पण तिचं तोंड बघितलं आणि कळलं की खरं आहे.

मास्तर म्हणाले, "का?"

"इसरलासा?" आई म्हणाली. "सयाजी ल्हान हुता तवा मी त्येला घिऊन आलते तुमच्या ओसरीवर. दिवाळी झालती. म्हनलं, पोराला इंग्रजी शिकवा, हुशार हाय. तुमी काय म्हनलासा? म्हनलासा, बायडाबाई, मग म्हशी कोन राखनार? आनी हसलासा. चार मान्सं बसलीती, ती बी हसली. माझ्या पोराच्या तोंडावर हसलासा. मी घरला गेले, रडले न्हाय. डबा दिला त्या दिशी बी रडले न्हाय."

मला ते आठवत नव्हतं. त्या ओसरीवरचं तेवढं हसणं मी पोरपणी कुठं विसरून गेलो होतो. मास्तरांनाही आठवत नव्हतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मग म्हणाले, "हात सोडा."

आईनं सोडला.

"सकाळी सातला वर्ग," मास्तर मला म्हणाले. "निबंध घेणार आहे. आणि बायडाबाई, या अंगणात परत पाऊल टाकायचं नाही तुम्ही."

"कोन तडफडालंय हितं याय?" आई म्हणाली आणि निघून गेली.

घरी मी तिला काय काय बोललो! घर जाळलंस? एका हसण्यापायी? आत माणसं होती. मेली असती तर? हसणं आणि घर पेटवणं एका पारड्यात बसतं का?

"बसत न्हाय," ती म्हणाली. "मी कुटं म्हंते बसतंय? त्येंनी हसून केलं ते त्येंचं, मी डबा दिला ते माझं. माझं मी गल्लीदेखत घेटलं. तू गप जेव." मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. तिलाही काही फरक पडला नाही.

मास्तर पोलिसात गेले नाहीत. सकाळी सातला वर्ग सुरू केला आणि परीक्षेच्या आदल्या दिवसापर्यंत शिकवलं. माझ्याकडं एकदाही बघितलं नाही. पण सगळ्यात अवघड वाक्य मलाच टाकायचे, आणि चुकलं तर सोडायचे नाहीत. इंग्रजीचा पेपर मी बघतो तर काय, तुकड्याचा प्रश्न! मी मनातल्या मनात विटांचं रिंगण केलं, पोलीस बसवला, चोर बसवला. सगळी बरोबर उठली. मी पास झालो, आकारामसुद्धा पास झाला. निकालाच्या दिवशी नेमगोंडा मास्तरांच्या पाया पडून आला. मी गेलो नाही.

गल्ली आता कालिंदीबाईंची वाट बघायला लागली. नाव कळलं की येईन म्हणाली होती की नाही? आठवडे गेले, पाऊस सुरू झाला, मास्तर ओसरीवर एकटेच. कुणीतरी विचारलं, "बाई कवा येनार मास्तर?" तर म्हणाले, "अजून नाव कळलेलं नाही."

हे आईच्या कानावर आलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "नाव कळलेलं न्हाय? भर गल्लीत मी हात धरला, सगळ्या जगानं थुंकलं माझ्या तोंडावर, आनी ह्यो म्हंतोय नाव कळलं न्हाय? माझं नाव खिशात घालून बसतोय व्हय? चल रं सयाजी, पुण्याला."

मी म्हणालो, "तुला काय पडलंय? त्यांची बायको, ते बघतील."

"मला काय पडलंय? मी नाव दिलंय त्येची किंमत ऱ्हायला नगो?"

अशी ही बाई. आयुष्यात मिरजेच्या पलीकडं गेली नव्हती. सकाळच्या गाडीत डब्याच्या दारात बसून ती पुण्याला आली, आणि शनिवार पेठेत विचारत विचारत आम्ही कालिंदीबाईंच्या भावाचं घर काढलं. कालिंदीबाई बाहेर आल्या. केस पांढरे झाले होते. ओळखलं त्यांनी लगेच, पण आत या म्हणाल्या नाहीत. आईही आत जाणार नव्हती.

"रॉकेलचा डबा मी दिलता," आई म्हणाली. "तुमच्या मालकाला म्हाईत हाय, परीक्षेच्या आदीपासनं. सांगितलं न्हाय त्येंनी तुमास्नी."

कालिंदीबाईंनी दाराची चौकट धरली. "तुम्ही? बायडाबाई, तुम्ही?" मग विचारलं, "का दिलात?"

"ते मालकाला इचारा. त्येंच्या तोंडनं ऐका." एवढं बोलून आई वळली. तिनं सरळ स्टेशन गाठलं. पाणीसुद्धा प्यायली नाही.

कालिंदीबाई पुढच्याच आठवड्यात आल्या. सकाळची वेळ. नवीन पोरं मास्तरांच्या अंगणात विटांत बसली होती, कुणीतरी हात वर करून फिरत होता. टांगा दारात थांबला. बाई उतरल्या, ट्रंक टांग्यातच. आई गोठ्यात धार काढत होती, मी तिच्याजवळ उभा. गल्ली एवढी अरुंद की समोरचं सगळं ऐकू येत होतं.

मास्तर पायरीवरून खाली आले. तोंडाचा रंग उडालेला. "आत चल," म्हणाले.

"आत काय आहे?" बाई म्हणाल्या. "नाव कळलं मला. तुमच्याकडनं नाही कळलं. इतके दिवस तुम्ही मला का कळू दिलं नाही?"

मास्तर ट्रंक उतरवायला टांग्याकडं वळले. बाई आडव्या आल्या.

"नावाला काय अडचण होती? त्या बाईनं डबा का दिला ते सांगावं लागलं असतं, म्हणून ना? मग सांगा आता. मी ट्रंक उतरवलेली नाही. खरं सांगा, नाहीतर याच टांग्यानं परत जाते."

पोरं टकामका बघत होती. ज्या माणसानं सगळ्या पेठेला सळो की पळो केलं, कुणी केलं, कुणी केलं, नाव सांगा म्हणून, त्याला आता स्वतःचं एक वाक्य तोंडातून काढता येईना. मला वाईट वाटायला पाहिजे होतं. मला बरं वाटलं. फिर म्हटलं आता हात वर करून.

शेवटी मास्तर बोलले. खाली बघून बोलले. "तिनं पोराला शिकवायला आणलं होतं. मी म्हणालो, मग म्हशी कोण राखणार. आणि हसलो. मला आठवत नाही, पण ती म्हणते, आणि ती खोटं बोलत नाही. मी हसलो होतो."

कालिंदीबाई काहीतरी बोलायला गेल्या आणि थांबल्या. कपाळाला आठी पडली. असं वाटलं, की त्या कुठल्यातरी जुन्या दिवसात जाऊन बघतायत. मग त्या टांग्याच्या पायरीवर मटकन बसल्या.

"दिवाळीनंतर," त्या म्हणाल्या. "मी दारात तांदूळ निवडत बसले होते. पोरगा असा आईच्या मागं लपला होता." मग तोंडावर हात ठेवून म्हणाल्या, "अहो, मीपण हसले होते. तुमच्यापेक्षा मोठ्यानं हसले होते मी."

टांगेवाल्यानं विचारलं, ट्रंक उतरवू काय. त्यांनी मान हलवली. ट्रंक उतरली. मास्तर उचलायला वाकले तर त्यांनी ती त्यांच्या हातातून काढून घेतली आणि स्वतः ओढत, जळक्या आढ्याखालून आत गेल्या. आमच्या घराकडं वळून बघितलं नाही. पुढंही कधी बघितलं नाही.

आई धार काढायची थांबली होती. मी तिच्याकडं बघितलं आणि मला कळलं, की हे तिला सगळं पहिल्यापासून माहीत होतं. मास्तरांचा हात धरला तेव्हाही, पुण्याला दारात उभी राहिली तेव्हाही.

"बाई हसल्या होत्या हे तू बोलली का नाहीस?" मी म्हणालो. "पुण्याला जाऊन आलीस. तोंडावर सांगायचं की."

"मी सांगून काय उपेग?" आई म्हणाली. "तिचं तिला आठवाय पायजे हुतं." आणि म्हशीला शिवी हासडून ती परत धार काढायला लागली.